आरशांच्या दालनातली खुर्ची

माझ्या सासूबाईंचं आणि माझं पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, काय ही गुणाची सून! तसलं काही नाही. मी भांडी घासली की त्या ती पुन्हा विसळतात. मी पडदे लावले की एका बाजूने खेचून सरळ करतात. मी काही बोलले की ‘मी कुठे काय म्हटलं?’ असं म्हणून खिडकीबाहेर बघत बसतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आमची कुरबुर चालू आहे आणि चालूच राहील. घरात मी त्यांच्याशी भांडेन, तो माझा हक्क आहे. पण बाहेरच्या कुणी त्यांना पायपुसण्यासारखं वागवलेलं मला खपत नाही. त्या दिवसाचा राग माझ्या डोक्यात अजून तसाच आहे, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

सासूबाई राजवाड्यात कामाला आहेत. राजवाडा मोठ्या चौकात आणि आमचं घर त्या चौकाच्या मागच्या गल्लीत, दुकानाच्या वर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून राजवाड्याचं छप्पर दिसतं आणि त्यावर ओळीने उभे असलेले दगडी पुतळे. त्यांची तोंडं चौकाकडे, त्यामुळे आमच्या वाट्याला नुसत्या पाठी. मी एकदा विचारलं, “आई, समोरून कसे दिसतात हो हे?” तर म्हणाल्या, “पाठीमागूनच बरे दिसतात.”

सासरे गेले तेव्हा माझा नवरा शाळेत होता. घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून सासूबाई राजवाड्यात जिना पुसायला लागल्या. जिना संगमरवरी आणि इतका रुंद, की पायरीचं हे टोक पुसून त्या टोकाला पोचेपर्यंत हे टोक वाळलेलं असायचं. तो गुडघे टेकून, हाताने पुसावा लागे. लांब दांड्याचं पोतेरं वापरलं तर दांडा आपटून पायऱ्यांच्या कडा झिजतात, असं तेव्हाच्या मुकादमाचं म्हणणं होतं. दगड झिजू नये एवढी काळजी! त्यावर टेकलेले गुडघे झिजतात की राहतात याचं मुकादमाला काही सोयरसुतक नव्हतं.

पुढे त्यांना निळा कोट मिळाला आणि आरशांचं दालन मिळालं. चारही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत आरसे, वर झुंबरं, आणि भिंतींच्या कडेने सोनेरी खुर्च्यांची रांग. खुर्च्यांपुढे मखमली दोरी. त्या खुर्च्यांवर शेवटचं कुणी बसलं असेल तो माणूस मरूनसुद्धा जमाना झाला. सासूबाईंचं काम एवढंच, की दालनातल्या कशालाही कुणाचं बोट लागू द्यायचं नाही. काम ऐकायला सोपं वाटतं. पण आरसा दिसला की लहानमोठं कुणीही बोट लावल्याशिवाय राहत नाही. मग नाकाचे ठसे, कपाळाचे ठसे. एकदा तर कुणीतरी आरशावर ओठ टेकवून गेलं होतं. सासूबाई खिशात मऊ फडकं ठेवतात आणि लगेच पुसतात. राजवाड्यातले लोक त्यांना आरसेबाई म्हणतात.

आणि या आरसेबाईंच्या घरात धड आरसा नाही! मोरीत हातभर तुकडा टांगलेला आहे, तोही माझ्या नवऱ्याच्या दाढीसाठी. सासूबाई केस विंचरतात त्या आरशाशिवाय, आणि भांग सरळ येतो. “दिवसभर स्वतःलाच बघायचं, चारी बाजूंनी,” त्या म्हणतात. “घरी तरी सुटका नको का?”

दालनाच्या दाराजवळ कोपऱ्यात त्यांची एक लोखंडी घडीची खुर्ची असायची. लोखंड गार लागतं म्हणून मी तिच्यासाठी उशी शिवली होती. खाली माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे पडद्याचं कापड उरलं होतं, निळं. सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, “शिवण बरी आहे. जाड झालीय जरा.” दुसऱ्या दिवशी सकाळी उशी त्यांच्या पिशवीत होती. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मला आजवर मिळालेली नाही.

आता जहाजांबद्दल. आमच्या बंदरात पर्यटकांची मोठी जहाजं येतात. पूर्वी क्वचित यायची, तेव्हा आम्हीही बघायला जायचो. आता उन्हाळाभर येतातच. सकाळी लागतात, दुपार कलली की जातात, आणि तेवढ्या वेळात सगळ्यांना चौक बघायचा असतो, राजवाडा बघायचा असतो, फोटो काढायचे असतात, आणि परत जाऊन जहाजावरच जेवायचं असतं. त्यांच्यासाठी आमच्या चौकाला नटवतात. कारंजं एरवी कोरडं असतं, त्यात पालापाचोळा साठतो. जहाजाच्या दिवशी पाणी सुरू! चौकातली बाकं त्या दिवशी उचलून नेतात, गर्दीला अडथळा नको म्हणून. म्हणजे समोरच्या इमारतीतले म्हातारे सकाळी ऊन खायला उतरतात, त्यांनी बसायचं कुठे? आणि चौकाच्या बाजूच्या गच्च्यांवर कपडे वाळत घालायला बंदी. जाड कपडे, पातळ कपडे, आतले, बाहेरचे, सगळे बंद. जसं काही आम्ही नागडे राहतो!

माझा नवरा बंदरातच काम करतो. जहाज लागलं की दोर खुंटाला अडकवणाऱ्या टोळीत आहे. मी जहाजांवर तोंडसुख घ्यायला लागले की तो म्हणतो, “जहाज येतं म्हणून चूल पेटते, विसरू नकोस.” मी विसरत नाही. चूल पेटते म्हणून तोंड बंद ठेवायचं, हे मात्र मला कुणी शिकवलेलं नाही.

राजवाड्यात गेल्या हिवाळ्यात नवे व्यवस्थापक आले. तरुण माणूस. शर्टाला, पँटला, रुमालाला, सगळ्याला कडक इस्त्री. चेहऱ्यालासुद्धा केली असावी असं वाटतं. कामगारांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव परीटघडी ठेवलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी या परीटघडी साहेबांनी सासूबाईंना बोलावलं आणि संगणकावर फोटो दाखवले. जहाज कंपनीने पाठवले होते. पाहुण्यांनी आरशांच्या दालनात काढलेले फोटो, आणि प्रत्येक फोटोत, समोरच्या आरशात, बाजूच्या आरशात, आरशातल्या आरशात, लोखंडी खुर्चीवर बसलेल्या सासूबाई.

“मावशी, तुम्ही दिसता,” साहेब म्हणाले.

“दिसणारच. मी असतेच तिथे.”

“तसं नाही. पाहुणे एवढ्या लांबून राजवाडा बघायला येतात. त्यात खुर्चीवर बसलेली... म्हणजे वातावरण बिघडतं. जहाजाच्या दिवशी खुर्ची नको. तुम्ही त्या पडद्यापाशी उभ्या राहा. तिथे आरशात येत नाही माणूस.”

सासूबाईंनी सांगितलं की गुडघ्यांची वाटी झिजली आहे, फार वेळ उभं राहवत नाही, डॉक्टरांचा कागद आहे. साहेबांकडे त्यावरही उत्तर तयार होतं. तळघरात पाहुण्यांचे कोट आणि पिशव्या ठेवायची खोली आहे, तिथे बसून काम असतं. उजेड कमी आहे, खिडकी नाही, पण खुर्ची मिळेल. उभं राहणं झेपत नसेल तर खाली जा. ठरवा आणि सांगा.

घरी येऊन त्यांनी हे सगळं सांगितलं, तेही मोजे काढता काढता, बाजारात भाजी महाग झाली हे सांगावं तशा आवाजात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा म्हणाला, “आई, घे ना खालचं काम. बसून तर आहे.”

“मी खाली जाणार नाही.”

“पण का? हट्ट कशाला?”

“तो जिना मी गुडघ्यांवर चढून वर आलेय,” सासूबाई म्हणाल्या. “एकेक पायरी पुसत. आता परत खाली जाऊ?”

यावर नवऱ्याने तो विषय सोडला.

मग उन्हाळा सुरू झाला. जहाजाच्या दिवशी सासूबाई दिवसभर पडद्यापाशी उभ्या. घरी यायच्या तेव्हा गुडघे सुजून पिंपळाच्या खोडासारखे झालेले. मी गरम पाण्याची पिशवी द्यायचे, त्या ‘फार गरम आहे’ म्हणायच्या. मी पाणी बदलायचे, त्या ‘आता गार झाली’ म्हणायच्या. डॉक्टरांनी गुडघ्याला बांधायचा रुंद पट्टा दिला. तो बांधल्याशिवाय उभं राहायचं नाही अशी ताकीद. हा उन्हाळा तरी त्या निभावतील की नाही, याची मला शंका यायला लागली. एक दिवस पाय साथ देणार नाहीत, आणि मग साहेब आपसूकच त्यांना तळघरात ढकलतील, हे मला समोर दिसत होतं.

आणि अशाच एका जहाजाच्या सकाळी त्या पट्टा पलंगावर विसरून गेल्या.

मी दुकान उघडलं होतं, एका पँटची लांबी कमी करत होते. वर चहा करायला गेले तर पट्टा पलंगावर! मशीन तसंच सोडलं, शेजारच्या किल्लीवाल्याला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि अंगात पातळ कोट अडकवून, पट्टा काखेत धरून निघाले. राजवाड्याचं कामगारांचं दार आमच्या गल्लीच्याच टोकाला आहे. तिथला रखवालदार मला ओळखतो, त्याच्या मुलीचा झगा मीच शिवलाय. तो म्हणाला, “आज मागचं दार बंद आहे. जहाज आहे.” ‘घरात मयत आहे’ म्हणावं तशा आवाजात.

“अरे, आत माझ्या सासूला हा पट्टा द्यायचाय. दोन मिनिटांचं काम आहे.”

“हुकूम नाही. पुढून जा.”

“पुढून मला कोण सोडणार?”

“ते मी काय सांगू?”

त्या माणसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. त्याच्या मुलीच्या पुढच्या झग्याचं काय करायचं ते मी मनात ठरवून टाकलं आणि वळसा घालून चौकात आले.

चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कारंजं उडत होतं. जिकडे तिकडे छत्र्या वर धरलेले गाइड आणि त्यांच्यामागे छातीवर रंगीत स्टिकर लावलेले लोक. लाल गट, पिवळा गट, हिरवा गट. मध्ये लोखंडी कठडे, राजवाड्याच्या दारापर्यंत वाट काढलेली. त्या वाटेत मी कशी शिरले मलाही सांगता येणार नाही. एवढं आठवतं, की हिरव्या छत्रीची एक गाइड पोरगी घामाघूम होऊन माणसं मोजत होती, पुन्हा पुन्हा मोजत होती आणि दर वेळी एक कमी भरत होतं. बिचारीचं रडायचंच बाकी होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या गटाच्या कडेला, काखेत काहीतरी धरून, चेहऱ्यावर हरवल्याचा भाव. तिने सुटकेचा श्वास टाकला, माझ्या कोटावर हिरवा स्टिकर चिकटवला, मला पाठीवर हात ठेवून पुढे घातलं आणि छत्री वर करून चालायला लागली.

मी हूं की चूं केलं नाही. स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, मी जहाजातून आलेली पाहुणी झाले.

मोठ्या दारात परीटघडी साहेब स्वतः उभे होते. मला बघून कमरेत वाकले. ज्या माणसाने माझ्या सासूची खुर्ची काढून घेतली, तो मला “या मॅडम, या” म्हणून आत घेत होता, आणि तेही एका कागदाच्या गोल तुकड्यासाठी! माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं, ते गिळलं. आधी पट्टा पोचवायचा होता.

राजवाड्यात मी याआधी कधी गेले नव्हते. आमच्या गल्लीतलं कुणी जात नाही. रोज छप्पर दिसतं, मग आत काय बघायचं? त्यामुळे तो जिना मी पहिल्यांदा पाहिला. म्हणजे पाहिला कुठे? वरपासून खालपर्यंत लाल गालिचा अंथरला होता. माझ्या सासूने गुडघ्यांनी पुसलेल्या पायऱ्या गालिच्याखाली झाकलेल्या. माझा पाय उचलेना. मागची माणसं पाठीवर यायला लागली तेव्हा मी चढले, आणि चढताना मला इतका राग येत होता की डोळ्यांत पाणी आलं.

आरशांच्या दालनात शिरलो. आधी मला सगळीकडे मीच दिसले, हिरवा स्टिकर लावून. मग पडद्याशेजारी निळा कोट दिसला. सासूबाई एका पायावर भार देऊन उभ्या होत्या आणि हात मागे नेऊन पडद्याचं कापड मुठीत धरलं होतं. घरी त्यांना असं कशालातरी धरून उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला आरशातून पाहिलं. मग स्टिकर पाहिला. भुवया वर गेल्या.

“मॅडम, दोरीच्या मागे राहा,” त्या मोठ्याने म्हणाल्या आणि मी जवळ सरकल्यावर दातांतून, “तू इथे काय करतेस? दुकान कुणावर टाकून आलीस?”

“पट्टा विसरलात.”

“खिशात टाक माझ्या आणि नीघ.”

“बांधा आधी.”

“कुठे बसून बांधू?”

मी इकडेतिकडे पाहिलं. भिंतींच्या कडेने नुसत्या खुर्च्याच खुर्च्या, आणि आरशांत तर खुर्च्यांना अंतच नव्हता. आणि एक बाई पट्टा बांधायला टेकू शकेल अशी एकही जागा नव्हती. मी पट्टा त्यांच्या खिशात कोंबला. पण निघाले नाही. गटाबरोबर दालनाच्या मध्यावर सरकले आणि तिथेच उभी राहिले.

तेवढ्यात आमच्या हिरव्या गटातल्या एका म्हाताऱ्या माणसाला घेरी आली. चांगला उंच, सभ्य माणूस. एकदम पांढरा पडला आणि बायकोच्या खांद्यावर झुकला. गाइड पोरगी ओरडली. परीटघडी साहेब धावत आले आणि चुटकी वाजवून म्हणाले, “मावशी, खुर्ची!”

सासूबाई चालत गेल्या. पट्ट्याशिवाय, पाय ओढत, दालनाच्या त्या टोकाला. तिथे एका आरशाला बारीक कडी होती, मला आधी दिसली नव्हती. तो आरसा म्हणजे दार होतं. दार उघडलं आणि आत त्यांची लोखंडी खुर्ची भिंतीला टेकून उभी होती, तिच्यावर माझी निळी उशी. खुर्ची तिथेच होती! मला इतके दिवस वाटत होतं की नेऊन कुठल्या अडगळीत टाकली असेल. ती होती त्यांच्या उभं राहायच्या जागेपासून पंधरावीस पावलांवर, आरशामागे.

त्यांनी ती आणली, उघडली, उशी नीट केली, त्या माणसाला बसवलं. कुणीतरी पाणी आणलं. थोड्या वेळाने त्याच्या गालांवर रंग आला. त्याने आजूबाजूला बघितलं, आणि मग सासूबाईंकडे बघितलं. माणूस म्हातारा होता, त्याला दुखरे पाय ओळखता आले असावेत. तो खुर्चीवरून उठू लागला आणि हाताने त्यांना ‘तुम्ही बसा’ असं म्हणायला लागला. गाइडला त्यांच्या भाषेत काही बोलला. ती साहेबांना म्हणाली, “ते म्हणतायत, या बाईंना बसायला द्या, त्यांना त्रास होतोय.”

साहेब हसले. अगदी गोड हसले. “त्यांना सांगा, काळजी करू नका. यांना उभं राहायची सवय आहे.”

त्या माणसाला ते पटलं नव्हतं, पण बायको त्याला हाताला धरून पुढच्या दालनात घेऊन गेली. साहेब सासूबाईंकडे न बघताच म्हणाले, “मावशी, खुर्ची आत.”

सासूबाईंनी खुर्चीची घडी केली. आत नेली. आरसा बंद केला, आणि त्यावर बोटं उमटली होती ती फडक्याने पुसली. मग पडद्याकडे परत यायला लागल्या. दालनाच्या मध्यावर, मी उभी होते तिथे, थांबल्या.

“खांदा दे,” म्हणाल्या.

मी दिला. माझ्या खांद्यावर त्यांनी सगळा भार टाकला, आणि खाली बसल्या. जमिनीवर, पाय लांब करून, झुंबराच्या बरोबर खाली.

साहेबांनी वळून पाहिलं. त्यांना वळायचीही गरज नव्हती म्हणा. आता त्या प्रत्येक आरशात होत्या. ज्या बाईला लपवायला पडद्याशेजारची जागा शोधली होती ती आता चारही भिंतींवर दिसत होती, जमिनीवर बसलेली.

“मावशी, हे काय? उठा.”

“उठता येत नाही.”

हे खरं होतं. त्या एकदा जमिनीवर बसल्या की त्यांना धरायला खुर्ची लागते, दोन्ही हात खुर्चीवर रेटून त्या स्वतःच उठतात. ओढून उठवलं तर गुडघा निसटतो, म्हणून डॉक्टरांनी हात धरून ओढायला सक्त मनाई केली आहे. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. साहेबांना काय माहीत? ते वाकले आणि त्यांच्या दंडाला धरायला गेले. सासूबाई दिवसभर पाहुण्यांना ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात म्हणाल्या, “हात लावू नका.”

साहेब झटका बसल्यासारखे मागे झाले.

तोवर दारात पिवळा गट येऊन थडकला होता. मागून लाल गट. हिरवा गट पुढे सरकायला तयार नाही. जो तो मान उंच करून बघत होता, फोन वर गेले होते. साहेबांच्या कपाळावर घाम आला. इस्त्री उतरायला लागली.

“मावशी, पाया पडतो तुमच्या. काय पाहिजे तुम्हाला?”

“उठायला खुर्ची लागेल.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी पाहुणी ना! “सॉरी मॅडम,” म्हणाले.

“मला कशाला सॉरी म्हणता?” मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की गाइड पोरगी दचकली. तिला तोवर वाटत होतं मी तिच्या जहाजातली आहे. “त्या माझ्या सासूबाई आहेत! खुर्ची आणा!”

साहेब स्वतः गेले. आरशाचं दार उघडलं, लोखंडी खुर्ची उचलून, सगळ्या गटांसमोरून चालत आणली. सासूबाईंनी तिच्या बैठकीवर दोन्ही हात रोवले. एक गुडघा टेकला, मग दुसरा पाय. वेळ लागला. हाडं वाजलेली मला ऐकू आली. त्या उभ्या राहिल्या, वळल्या, आणि त्या खुर्चीवर बसल्या.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

होय, टाळ्या! पिवळ्या गटाने सुरुवात केली, मग लाल, मग सगळेच. त्यांना वाटलं हा राजवाड्याचा खेळ आहे, पाहुण्यांसाठी बसवलेला. आणि परीटघडी साहेब? क्षणभर गोंधळले, मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या, आणि पाहुण्यांकडे वळून वाकून मुजरासुद्धा केला. मला त्या क्षणी त्या माणसाची मान धरून झुंबराला टांगावंसं वाटलं. सासूबाई कुणाकडेही बघत नव्हत्या. त्यांनी खिशातून पट्टा काढला आणि सावकाश बांधायला घेतला.

त्यानंतर खुर्ची गेली नाही. साहेबांनी कुणाला काही सांगितलं नाही, माफी मागितली नाही, तळघराचा विषयही पुन्हा काढला नाही. ते फोटो कुठे कुठे गेले असतील याची त्यांना धास्ती असावी. आता जहाज असो नसो, खुर्ची दाराजवळ असते.

गल्लीत ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. किल्लीवाला गिऱ्हाइकांना रंगवून सांगतो, मागच्या दाराचा रखवालदारही सांगतो, जसा काही तो आत होता. सगळे म्हणतात, काय डोकं लढवलं म्हातारीने! जमिनीवर बसली, आता खुर्ची आणल्याशिवाय उठवणार कशी? माझा नवरा बंदरावर दोस्तांना सांगतो आणि स्वतःच हसतो. खरं सांगायचं तर मीही तशीच सांगत होते. मला अभिमान वाटत होता. मध्यंतरी मी दुकानात एका बाईला सगळं सांगत होते, साहेबांची नक्कल करून, आणि सासूबाई मागे जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. बाई गेल्यावर मी म्हटलं, “आई, मानलं तुम्हाला. ऐन वेळी अशी युक्ती सुचायला धाडस लागतं.”

“कसली युक्ती?” त्या म्हणाल्या.

“जमिनीवर बसायची. खुर्ची आणावीच लागेल अशी.”

त्यांनी माझ्या मशीनवर पडलेले दोऱ्याचे तुकडे एकेक करून उचलले. मला राग येतो त्यांच्या या सवयीचा.

“युक्ती नव्हती गं,” त्या म्हणाल्या. “पडद्यापर्यंत पोचले नसते मी. पाय उरलेच नव्हते. तू समोर दिसलीस म्हणून खांदा मागितला, नाहीतर कोसळले असते. बसल्यावर वाटलं, झालं, आता तळघर.”

त्या तुकडे मुठीत धरून वर निघून गेल्या.

तेव्हापासून ही गोष्ट कुणी हसत हसत सांगायला लागलं की मी मशीन थांबवते. सांगणारा किल्लीवाला असो, माझा नवरा असो. म्हणते, हसू नका. त्या बाईने कुणाला हरवलं नाही. उभं राहून राहून ती पडली, आणि पडताना तिला धरायला तिथे एकच माणूस होतं, तेही चुकून आत आलेलं.